ग्रेडर काकांनी जुळवलेली सोयरीक

नगराळे ग्रेडर आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडले तरी त्यांच्या भुवईत कापसाचा एखादा धागा असायचाच. तो कुठून येतो हे त्यांच्या बायकोला, सुलोचनाबाईंनाही, इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. "लग्नाच्या फोटोतबी हाये, पाहा," असं म्हणून त्या मला भिंतीवरचा फोटो दाखवायच्या. मला तो काचेवरचा डाग वाटायचा. पण सुलोचनाबाईंशी वाद घालायची माझी प्राज्ञा नव्हती, कारण मी त्यांची भाडेकरू होते आणि पाण्याच्या टाकीची चावी त्यांच्या कमरेला होती.

मी तेव्हा अमरावतीहून वणीला आले होते, एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला. नगराळे होते सरकारी कापूस खरेदी केंद्रावर. ग्रेडर म्हणजे काय, हे कापसाच्या मुलखाबाहेर सांगावं लागतं. शेतकऱ्याच्या गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, उजेडाकडे धरून पाहायचा आणि दर्जा सांगायचा. 'सुपर' म्हटलं की गाडीवान पानठेल्याकडे वळतो, 'कवडी' म्हटलं की ग्रेडरच्या आईबहिणीकडे. ती वर्षं कापसाची फार वाईट होती. भाव पडलेला, केंद्र आज उघडं तर उद्या बंद, गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत, आणि ग्रेड कडक मारा म्हणून वरून आदेश. संध्याकाळी नगराळे घरी येत तेव्हा दिवसभराच्या शिव्या कापसाबरोबरच अंगाला चिकटलेल्या असत. अंगणात उभं राहून ते शर्ट झटकत, मिशी झटकत, आणि म्हणत, "ग्रेड तिकडे."

म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं.

"दिवसभर लोकायच्या वर्साले नावं ठेवतो, मॅडम," ते म्हणाले. "वर्सभर राबला बिचारा, अन् मी दोन मिंटात सांगतो, तुहं वरीस कवडी. मंग घरी आल्यावर कोनालेच ग्रेड माराची नाई. भाजीलेबी नाई."

"भाजीले मारून तर पाहा," आतून सुलोचनाबाई म्हणाल्या.

हे व्रत ते वेड्यासारखं पाळत. त्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी दहा-बारा पोरं अभ्यासाला जमायची. त्यांतल्या कुणालाही त्यांनी कधी मार्क विचारले नाहीत. पोरं सगळी 'लाइनी'तली. केंद्राच्या मागे, रुळांपलीकडे, खाणीच्या मजुरांची वस्ती होती, तिला गाव लाइन म्हणायचं. बहुतेक घरं तेलुगू. त्यांचे बाप-आजे केव्हातरी पैनगंगा ओलांडून कोळसा काढायला आले आणि इथलेच झाले. पोरं घरात तेलुगू बोलत, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, आणि पुस्तक उघडलं की समोर इंग्रजी. वणीत ती तेलंग्यांची पोरं, आणि आजोळी गेली की महाराष्ट्रवाल्यांची. म्हणजे कुठेही गेली तरी पाहुणीच.

हीच पोरं काहून, हेही मी विचारलं होतं. मला तेव्हा विचारायची फार हौस होती.

"आमच्या पोट्ट्यायले विचारनारे हायेत जी," नगराळे म्हणाले. "जयंतीच्या मंडळात गेलं की धा जन विचारते, काय शिकून राह्यला, पुढं काय करनार. माहा बाप छप्पन साली दीक्षा घ्याले नागपूरले गेलता, अन् येताना माह्यासाठी पाटी घेऊन आला. यायले कोन विचारते? यायचे बाप खानीत उतरते, आया जिनिंगमधी कापूस निवडते, अन् गाव म्हन्ते, तेलंगी हाये. झालं, लागला निकाल."

नगराळ्यांना स्वतःला शिकवता काही येत नव्हतं. त्यांचं कसब माणसं पकडण्यात होतं. बँकेत गेले आणि इंग्रजीसाठी एक कॅशिअर घेऊन आले. दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे गेले आणि जीवशास्त्राची सोय लावून आले, दाढ तशीच राहिली. मी तर आयती घरात सापडले होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकीची चावी मागायला म्हणून खाली उतरले, ती कार्बन शिकवून मगच वर गेले. पाणी त्या दिवशीही भरलं नाही.

मी शिकवत असताना ते पोरांच्या मागे भिंतीला टेकून बसत, बोटांत कापसाची वात वळत. मध्येच हात वर करत. "पुन्ना सांगा मॅडम, मले नाई समजलं." सुरुवातीला मला वैताग यायचा. मग ध्यानात आलं, हात वर करण्याआधी ते कुणा ना कुणा पोराचा चेहरा पाहतात. ज्याला कळलेलं नाही पण विचारायची लाज वाटते, त्याच्या वाटचा प्रश्न ते स्वतःच्या नावावर विचारायचे. सगळ्या ओट्यात ढ कोण, तर नगराळे काका, हे एकदा ठरल्यावर पोरं निर्धास्त झाली. पुढे पुढे काका खरेच त्यात गुंतले. "कार्बनले चार हात हाये म्हन्ता, अन् चारी हात सदा कोनाच्या ना कोनाच्या हातात. मंग हा मानूस मनमिळाऊ म्हनाचा का लफडेबाज?" पोरं हसून लोळली. त्या वर्षी ओट्यावरचं एकही पोर कार्बनमध्ये चुकलं नाही.

नव्या पोराची प्रवेश परीक्षा मात्र ते स्वतः घेत. प्रश्न एकच असे. "एक थाप मार."

"थाप?" पोर गांगरायचं.

"खरं बोलाले नुसतं तोंड लागते. थाप माराले डोकं लागते. मार."

बहुतेक पोरं 'काल मी वाघ पाहिला' इथपर्यंत जायची. वणीकडे ती धड थापही होत नाही, कारण खाणींच्या बाजूला वाघ खरंच दिसतात. तरी काका सगळ्यांना घेत. नापास कुणालाच करायचं नव्हतं, फक्त मजा पाहायची होती.

लक्ष्मी आली ती अशीच एका दुपारी. राजन्ना नावाच्या खाणकामगाराची थोरली मुलगी, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, आणि चेहरा असा गंभीर की हिला कधी गुदगुल्याही होत नसाव्यात. काका जेवत होते. त्यांनी तिथूनच थाप मागितली.

"थाप मंग मारते काका," ती म्हणाली. "पयले केंद्रावर जा. केंद्र उघडलं. गाड्या आत घेऊन राह्यले, तुम्हाले बोलावते."

केंद्र त्या वेळी कितीतरी दिवस बंद होतं आणि रांगेतले लोक गाडीखाली चुली मांडून बसले होते. काका तसेच उठले. हातातली भाकरी हातात, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात सुलोचनाबाईंची, आणि मोपेडवर टांग टाकून पसार. केंद्राच्या फाटकाला हे मोठं कुलूप. आत झोपलेल्या चौकीदाराला त्यांनी उठवून, उघडत का नाहीस म्हणून दटावलंसुद्धा. घामाघूम होऊन परत आले तर ओट्यावर लक्ष्मी तशीच उभी.

"हे झाली थाप," ती म्हणाली.

आता काकांची आणखी एक खोड सांगायला हवी. त्यांना आनंद झाला की शिंका येत. थोडा आनंद झाला तर एखादी, फार झाला तर थांबतच नसत. त्या दुपारी ते अंगणातल्या कडुनिंबाला धरून शिंकत राहिले.

"सुलोचना," ते कसेबसे म्हणाले, "हे पोट्टी शिकलीच पाह्यजे. नाई शिकली तर पोट्टी राजकारनात जाईन."

लक्ष्मी शिकली. बारावीला तिला असे मार्क पडले की व्रतामुळे काकांची मोठी कुचंबणा झाली. मार्क विचारता येईनात आणि ऐकल्याशिवाय राहवेना. शेवटी जिना चढून माझ्याकडे आले. "मॅडम, मले सांगू नका. पन चांगले हाये ना?" मी नुसती मान हलवली. ते शिंकत शिंकत जिना उतरले.

यवतमाळच्या एका कॉलेजात तिचा फार्मसीला नंबर लागला. आणि गाडी अडली ती मल्लेशपाशी.

मल्लेश म्हणजे लक्ष्मीच्या आईचा, सत्तम्माचा, धाकटा भाऊ. कोळशाचा ट्रक चालवायचा. त्यांच्याकडे भाची मामाची असते. मोठ्या बहिणीला मुलगी झाली की धाकट्या भावाच्या लग्नाची काळजी मिटली, असा रिवाज. लक्ष्मी पाळण्यात असतानाच तिच्या आजीने, म्हणजे सत्तम्माच्या आईने, मल्लेशला सांगून टाकलं होतं, 'ही तुझी.' या आजीला सगळी लाइन अव्वा म्हणायची आणि तिचा शब्द खाली पडत नसे. दिवाळीनंतर लग्न करायचं घाटत होतं. मल्लेश वाईट असता तर सोपं होतं. पण तो होता गुणाचा. दारू नाही, पांढराशुभ्र शर्ट, ट्रकच्या आरशात पाहून पाडलेला भांग. भाचीच्या बारावीच्या वर्षी लाइनीतली वीज गेली की हा पठ्ठा ट्रकची बॅटरी उपसून आणायचा आणि तिच्या पुस्तकावर दिवा लावायचा. पोरगी एकदा यवतमाळला गेली की ट्रक ड्रायव्हरची बायको व्हायला परत येणार नाही, हे त्यालाही कळत होतं. इतका काही तो भोळा नव्हता.

लक्ष्मीला विचारलं तर ती एवढंच म्हणे, "मले जायचंच हाये काका. पन मामाले दुखवून नाई."

मग काका लाइनीत जाऊन भाषणं देऊ लागले. शिक्षण, प्रगती, मुलींचं भविष्य. लाइनीतले लोक चहा देत, खुर्ची पुसून देत, आणि माना डोलवत. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. काका रोज विजयी मुद्रेने परत येत आणि काही म्हणता काही घडत नसे. एकदा ते ठेवणीतलं बोलले, "राजन्ना, वेचलेला कापूस बोंडात वापस जात नाई. पोरगी शिकाले लागली, आता तिले थांबवता येत नाई."

राजन्ना शांतपणे म्हणाला, "बराबर हाय, साब. एक बार वेचला तो वापस नाही येत. इसीलिए तो डर लगता."

काका त्या दिवशी मोपेड हातात धरून चालत घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी सगळा प्रकार सांगितला. सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या.

"तुमच्या बहिनीले देलं तवा मामाजीनं, तुमच्या बापानं, किती वेळा घर पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"लय वेळा. विहिरीत बादली टाकून पानीबी पिऊन पाह्यलं."

"हा. अन् यायची पोरगी तुम्ही न पाह्यलेल्या गावात, न पाह्यलेल्या घरात, यष्टीत बसवून धाडून देता. कोन देईन? तुम्ही देली असती?"

काकांच्या बोटातली वात थांबली. मग शिंक आली.

दुसऱ्या दिवशी ते लाइनीत गेले ते भाषण द्यायला नव्हे. मल्लेशच्या समोर उभं राहून त्यांनी रीतसर हात जोडले. यवतमाळचं एक स्थळ आहे, म्हणाले, घर मोठं आहे, माणसं शिकलेली आहेत. द्यायचं की नाही ते मंडळींनी ठरवावं, पण एकदा पाहायला चला. आणि पाहणाऱ्यांत मुख्य माणूस मल्लेश. मुलीवर पहिला हक्क त्याचा, तर हो-नाहीचा मानही त्याचा. घर न पाहता स्थळाला नाही कसं म्हणायचं, म्हणून अव्वाही तयार झाली.

मी घरी आल्यावर म्हटलं, "काका, ही तर चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली."

"चोर नाई तो," काका एकदम गंभीर झाले. "त्याचं नुकसान होऊन राह्यलं, मॅडम. ज्याचं नुकसान व्हते त्यालेच समोर बसवा लागते. मांगं बसवलं की मंग तो चोर व्हते."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी पहाटे मंडळी निघाली. मल्लेशने मित्राची काळी-पिवळी जीप आणली होती आणि चालवायला तोच बसला. राजन्ना, सत्तम्मा, अव्वा, आणि काका, सुलोचनाबाई नि मी. अव्वाच्या मांडीवर टोपली, तिच्यात नारळ, केळी, खण, हळदकुंकू. काकांच्या पिशवीत लक्ष्मीचे सगळे कागद. आणि लक्ष्मी? ती वेणीफणी करून दारात उभी होती. जीपमध्ये चढायला निघाली तर अव्वाने तिला काठीने अडवलं. पोरगी कधी घर पाहायला येते का? राजन्नाने ते मराठीत सांगितलं आणि काका उत्साहाच्या भरात म्हणाले, "बराबर हाये. रीत म्हंजे रीत. कागद हाये ना माह्यापाशी." कुणाला काही वावगं वाटलं नाही. कॉलेजात शिकवणारी मी, माझ्याही डोक्यात उजेड पडला नाही, इतकं ते वऱ्हाड आम्हाला चढलं होतं.

करंजीला आल्यावर अव्वाने सांगितलं, केळापूरच्या जगदंबेला विचारल्याशिवाय सोयरीक होत नाही. यवतमाळची वाट सोडून जीप केळापूरला वळली. टोपलीतला एक नारळ तिथे फुटला. देवीसमोर सगळ्यांत जास्त वेळ मल्लेश उभा राहिला, आणि काकांची वात वळण्याची गती वाढली.

यवतमाळच्या कॉलेजाने असले पाहुणे बहुधा कधी पाहिले नसावेत. रेक्टर देशपांडे बाई मोठ्या प्रेमळ. एवढी माणसं टोपली घेऊन आलेली पाहून त्यांनी वसतिगृहाच्या बाहेरच्या खोलीत आम्हाला बसवलं आणि पोहे सांगितले. पोहे आल्यावर तर मंडळींची खात्रीच पटली की हे लोक रीतभात जाणणारे आहेत. प्राचार्य सहज डोकावले, त्यांनाही बसवून घेतलं. मग अव्वाचे प्रश्न सुरू झाले, राजन्ना दुभाषी. घरात माणसं किती? बाई म्हणाल्या, मुलीच शंभरावर. अव्वाने कपाळाला हात लावला. एका घरात एवढ्या नणंदा? पाणी नळाचं की हापशीचं? कढीत साखर घालता का? घरात दारू कोण पितं? हा प्रश्न प्राचार्यांकडे पाहून आल्यामुळे ते घाईघाईने म्हणाले, "छे छे, मी चहासुद्धा कमी केलाय." काका कोपऱ्यात तोंडावर रुमाल धरून बसले होते. सुलोचनाबाई त्यांना चिमटे काढत होत्या.

मल्लेश काहीच विचारत नव्हता. तो उठून पाहत होता. नळ सोडून पाहिले, खिडक्यांचे गज हलवून पाहिले, फाटकाची बिजागरी तपासली. फाटक कधी लावता, एवढंच त्याने चौकीदाराला विचारलं. मग खोलीत येऊन, कुणाकडेही न पाहता, म्हणाला, "मंचिदी."

म्हणजे चांगलं आहे. त्या एका शब्दात त्याने काय सोडून दिलं ते त्या खोलीत आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना शिंका आल्या. सत्तम्माने बाईंची ओटी भरली आणि आम्ही सगळे वाजतगाजत म्हणावं तसे ऑफिसच्या खिडकीशी गेलो.

खिडकीतल्या कारकुनाने कागद पाहिले, मान डोलावली, आणि म्हणाला, "विद्यार्थिनीला पुढे पाठवा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"ते कशी येईन?" काका म्हणाले. "पोरगी येते का घर पाहाले?"

"अहो, सही तिची लागते. समोर हजर लागते. आज खिडकी बंद झाली की जागा दुसऱ्याला."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "गाड्या आनल्या," ते पुटपुटले, "अन् कापूस घरीच राह्यला." फोन करावा, तर लाइनीत फोन नव्हता, आणि ज्यांच्या घरी फोन होता ते सगळे यवतमाळात उभे होते. जाऊन आणायचं तर वणी जवळ नाही. सत्तम्मा रडायला लागली. राजन्ना म्हणाला, देवीची मर्जी नसेल. आणि तेवढ्यात मागून देशपांडे बाई आल्या, हातात ओटीचा नारळ तसाच. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसून म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं? मुलीच्या मामांनी मुलीला आणायचं, हीच तर रीत आहे. मामा कोण? तुम्ही ना? मग आणा की जाऊन."

आपल्याकडे लग्नात मामा मुलीला बोहल्यावर आणतो. बाईंच्या डोक्यात तेवढंच होतं. मामा हाच नवरा असतो, असाही एक रिवाज आपल्यासमोर पांढरा शर्ट घालून उभा आहे, हे त्यांना कुठून ठाऊक? अव्वाने तेलुगूत विचारलं, काय म्हणाली? कुणी सांगेना.

मल्लेश वणीत जन्मलेला. मित्रांच्या लग्नांत बँडपुढे नाचलेला. मामा मुलीला कुठे आणतो आणि आणून बाजूला कसा उभा राहतो, हे त्याने कितीदा तरी पाहिलेलं. त्याने कॉलर सरळ केली, खिशातून जीपची चावी काढली आणि कारकुनाला म्हणाला, "खिडकी बंद नको करू."

मग सुरू झालं वाट पाहणं. काकांनी कॉलेजच्या आवारातल्या प्रत्येक झाडाखाली बसून पाहिलं. "मॅडम, वाटेत करंजी हाये," ते म्हणाले.

"मग?"

"करंजीहून केळापूर कितीसं? देवी तिथं, नारळ सकाळी आपनच फोडला. हार घालाले किती टाइम लागते?"

"तुम्हीच म्हणाला होतात, तो चोर नाही."

"तो नाई जी. मीच सैतान हावो, माह्या डोक्यात हेच येऊन राह्यलं." तिकडे अव्वा मात्र वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरली होती आणि चिंचेचं सार कसं करतात यावर आचारणीशी कडाक्याचं भांडण करत होती. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला तेलुगू, पण भांडण अगदी मुद्देसूद चाललं होतं.

कारकून टेबल आवरायला लागला तेव्हा फाटकाबाहेर ट्रकवाले वाजवतात तसा लांबलचक हॉर्न वाजला. काळी-पिवळी धुरळ्यासकट आत आली. मल्लेशचा शर्ट आता पांढरा राहिला नव्हता. त्याने पलीकडचं दार उघडलं, लक्ष्मीचा दंड धरला आणि तिला खिडकीपर्यंत चालवत आणलं, हुबेहूब अंतरपाटापाशी आणतात तसं. तिथे तिला उभं करून तो एक पाऊल बाजूला झाला.

"घ्या," म्हणाला. "आमची पोरगी आनली."

लक्ष्मीने सही केली. कारकुनाने शिक्का मारला. आणि काकांनी, शिंकांचा कल्लोळ चालू असताना, खिशात हात घालून होता नव्हता तेवढा कापूस तिच्या डोक्यावर उधळला. सुलोचनाबाईंनीही त्यातलाच थोडा उचलून टाकला. देशपांडे बाईंच्या तोंडून सवयीने 'शुभमंगल सावधान' निघून गेलं. मी हसत होते की रडत होते, मला अजूनही सांगता येणार नाही.

परतताना काका पुढे मल्लेशशेजारी बसले. वणी येईपर्यंत त्यांनी एकही थट्टा केली नाही. नुसता एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून बसून होते.

पुढच्या वर्षी मल्लेशचं लग्न झालं, करीमनगरकडची मुलगी. काका त्याच्या वरातीत असे नाचले की कंबरेचा पट्टा घालून महिनाभर फिरत होते. आणि ती 'पाहणी' तर लाइनीत रूढच झाली. निकाल लागले की काका टोपली-नारळ घेऊन मंडळींसह निघत, फक्त आता मुलगा-मुलगी सोबत असायची. एका इंजिनिअरिंग कॉलेजला लाइनीने नकार दिला, कारण तिथे कुणी पाणीही विचारलं नाही. पानठेल्यावर लोक काकांना विचारत, "काय ग्रेडर, जुळली का सोयरीक?" केंद्रावर शिव्या खाऊन आलेला हा माणूस त्या प्रश्नाने कसा फुलायचा. मला तो फार आवडायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते.

मी वणी सोडली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी लक्ष्मीचा फोन आला. ती आता यवतमाळलाच फार्मसी शिकवते. मल्लेशमामाच्या मुलीसाठी कॉलेज पाहायला जायचं आहे, काकांचा आशीर्वाद घेऊन निघू, तुम्ही या. मी गेले. कापूस खरेदी केंद्राच्या जागेवर मंगल कार्यालय उभं राहिलं आहे. काका ओट्यावर खाटेवर बसले होते. गुडघे गेलेले, नजर मंद, आणि भुवया इतक्या पांढऱ्या की त्यांत कापूस आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

"मी काही येत नाई आता," ते म्हणाले. "पन परीक्षा राह्यली. लक्ष्मी, एक थाप मार."

"नवी नाई काका, एक जुनी सांगते," लक्ष्मी खाटेच्या कडेला बसली. फाटकाबाहेर जीपमध्ये मुलीला घेऊन मल्लेश बसला होता, केस पिकलेला, हॉर्न वाजवत. "त्या दिवशी मामा मले घेऊन निघाला ना, मारेगाव गेलं तरी बोलला नाई. करंजीपाशी विचारलं, लक्ष्मी, हे कॉलेज नसतं तर तू माह्याशी लग्न केलं असतं का? मी म्हटलं, केलं असतं मामा, खुशीनं."

काकांच्या बोटातली वात थांबली. "मंग?"

"मामा म्हने, झूठ. अन् हासला. अन् गाडी अशी पळवली काका, मी दांडीले धरून बसली."

काकांना एक शिंक आली.

"सुपर," ते म्हणाले.

"अवो, ग्रेड तिकडे," आतून सुलोचनाबाई ओरडल्या.

"तिकडे आता काय राह्यलं?" काका म्हणाले. "तिकडे लगनं लागते."

आम्ही पाया पडून निघालो. मल्लेश पुन्हा हॉर्न वाजवत होता. फाटकाशी लक्ष्मी थांबली आणि मागे वळली. चेहरा तोच, कधी गुदगुल्या न होणारा.

"काका," तिने हाक मारली, "केंद्र उघडलं. गाड्या आत घेऊन राह्यले, तुम्हाले बोलावते."

काकांचा पाय खाटेखाली चप्पल चाचपायला लागला. एक सापडली, ती सुलोचनाबाईंची होती.